पहिलं घर आणि सरकारी मदत: डाउनपेमेंटच्या दिवशी हातात काय असतं? (अनुभव धागा)

धागाकर्ती
कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न नऊ लाखांच्या आत, नावावर घर नाही आणि 25 ते 35 लाखांचे फ्लॅट बघणं सुरू आहे, अशांसाठी हा धागा. गृहकर्ज, म्हाडा, मुद्रांक, पीएफ यांतलं रोजच्या कामातून ठाऊक असलेल्यांनी लिहा. हकिकती नकोत. आकडे, कागद आणि कुठे अडतं तेवढं सांगा. प्रश्न एकच: डाउनपेमेंट भरायच्या दिवशी कोणती सरकारी मदत खरोखर हाताशी असते?

गृहकर्ज_पिंपरी
आधी जी नसते ती सांगतो. पंतप्रधान आवास योजना शहरी 2.0 मधलं व्याज अनुदान त्या दिवशी नसतं. विक्री कार्यालयात अजूनही "2.67 लाख मिळतात" असं ऐकवतात. तो आकडा जुन्या सीएलएसएसचा, म्हणजे याच योजनेच्या आधीच्या व्याज अनुदानाचा. त्यात तीन किंवा सहा लाखांच्या आतल्या उत्पन्नाला सहा लाखांच्या कर्जावर 6.5 टक्के अनुदान होतं आणि ते एकरकमी कर्जखात्यात पडायचं. मध्यम गटासाठी ती 31 मार्च 2021 ला बंद झाली, खालच्या दोन गटांसाठी 31 मार्च 2022 ला.

1 सप्टेंबर 2024 पासूनच्या 2.0 योजनेत घराची किंमत 35 लाखांपर्यंत, कर्ज 25 लाखांपर्यंत आणि चटई क्षेत्र 120 चौरस मीटरपर्यंत हवं. पहिल्या आठ लाखांवर चार टक्के, गणना जास्तीत जास्त 12 वर्षांच्या मुदतीवर. मिळणार कमाल 1.80 लाख, तेही पाच वार्षिक हप्त्यांत, म्हणजे वर्षाला 36,000. कर्ज मंजूर होऊन उचललं गेल्यावरच हे चाक फिरायला लागतं. थोडक्यात, ही मदत ईएमआयला आहे. डाउनपेमेंटला नाही.

आता मेख. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 30 लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं. फ्लॅट 28 लाखांचा असेल तर 90 टक्के म्हणजे 25.20 लाख. बँक आनंदाने देईल आणि वरच्या 20 हजारांपायी तुम्ही योजनेबाहेर जाल. मंजुरीपत्रावर सही करण्याआधी रक्कम 25 लाखांवर आणून घ्या.

पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतल्या 28 लाखांच्या, बांधकाम सुरू असलेल्या फ्लॅटला खिशातून काय लागतं ते पाहा. स्वतःचा हिस्सा 3 लाख. मुद्रांक शुल्क 7 टक्के, 1.96 लाख. नोंदणी फी 1 टक्का, 28 हजार. जीएसटी 1 टक्का, 28 हजार. गृहकर्जाच्या गहाणाची नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाणाची निबंधकाकडे द्यायची सूचना), 0.3 टक्क्याने 7,500. बेरीज 5.60 लाखांच्या घरात. बँकेची प्रोसेसिंग फी आणि बिल्डरचं सोसायटी शुल्क यात धरलेलं नाही. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च कर्जासाठीच्या किमतीत धरत नाहीत (घर दहा लाखांच्या आत असेल तरच धरता येतो), त्यामुळे "90 टक्के कर्ज" ऐकून दहा टक्केच जमवलेला माणूस दुय्यम निबंधकाच्या दारात अडकतो.

धागाकर्ती
जीएसटी सरसकट एक टक्का का?

गृहकर्ज_पिंपरी
नाही. किंमत 45 लाखांच्या आत आणि चटई क्षेत्र मुंबई महानगर प्रदेशात 60 चौरस मीटरपर्यंत, पुण्याकडे 90 पर्यंत असेल तर एक टक्का. नाहीतर पाच. पूर्णत्वाचा दाखला किंवा भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर विकलेल्या घराला शून्य.

मुद्रांक_नागपूर
त्या दिवशी खरंच हाताशी असणारी सवलत आमच्या खात्यात आहे आणि तिचं नावही कोणी घेत नाही. 2021 पासून महाराष्ट्रात निवासी घर महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट. अर्ज नाही, प्रतीक्षा नाही, दस्तातच कमी भरायचं. वरच्या उदाहरणात 28 हजार तिथल्या तिथे वाचतात, म्हणजे केंद्राच्या एका वर्षाच्या हप्त्याच्या पाऊणपटीहून थोडं जास्त. पूर्वी असं घर 15 वर्षं पुरुषाला विकता येत नसे; 2023 मध्ये ती अटही गेली.

अट मात्र कडक. खरेदीदार फक्त महिला हव्यात, एक किंवा अनेक. नवऱ्याचं नाव जोडीला घातलं की सूट गेली. आवास योजनेला पत्नीचं एकटीचं नाव चालतं आणि संयुक्तही चालतं. म्हणून दोन्ही लाभ हवेत तर ॲग्रीमेंट पत्नीच्या एकटीच्या नावे करा, नवऱ्याला सहकर्जदार ठेवा. बँकेला सहकर्जदार मालक असलाच पाहिजे असं नसतं. मालक मात्र कर्जात लागतोच.

शुल्क ॲग्रीमेंटची किंमत आणि रेडीरेकनरची (सरकारने त्या भागासाठी ठरवलेली) किंमत यांतल्या जास्त आकड्यावर लागतं. स्वस्तात मिळालेल्या जुन्या फ्लॅटला हा फरक बोचतो. मूल्यांकन आधी काढून घ्या.

सीए_ठाणे
वरच्या मांडणीची किंमतही सांगतो. नवरा मालक नसेल तर त्याला व्याजाची आणि मुद्दलाची आयकर वजावट नाही, ईएमआय त्याच्याच पगारातून जात असला तरी. नवीन करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट तशीही नसते, म्हणून नऊ लाखांच्या आतल्या बहुतेकांना फरक पडत नाही. जुन्या प्रणालीत असाल तर गणित मांडूनच नाव ठरवा.

पीएफ_सल्ला
डाउनपेमेंटला सर्वात मोठा आधार म्हणजे स्वतःचा पीएफ. पैसे तुमचेच, पण वाट सरकारी आहे, म्हणून इथे लिहितो. फॉर्म 31, युएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) पोर्टलवरून. घर सदस्याच्या, जोडीदाराच्या किंवा दोघांच्या नावे असलं तरी चालतं. म्हणजे वर मुद्रांकवाल्यांनी सांगितलेल्या मांडणीत नवऱ्याचा पीएफ अडत नाही. जुन्या तरतुदीत पाच वर्षं सदस्यत्व लागायचं आणि घर खरेदीसाठी 36 महिन्यांच्या वेतनाची मर्यादा होती. ऑक्टोबर 2025 मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने पैसे काढायच्या 13 तरतुदी तीन गटांत आणायचं, किमान सेवा 12 महिने करायचं आणि योगदानाचा 25 टक्के भाग खात्यात शिल्लक ठेवायचं ठरवलं. अर्ज भरताना पोर्टल किती रक्कम पात्र दाखवतं तेच अंतिम धरा.

दावा फेटाळला जातो तो बहुतेक याच कारणांनी:
- आधीच्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नाही, म्हणून जुनं खातं नव्यात वर्ग होत नाही आणि सेवा कमी दिसते
- आधारवर वडिलांचं पूर्ण नाव, पीएफमध्ये आद्याक्षर
- बँक खातं विलीन झालेल्या बँकेचं, आयएफएससी जुना

दुरुस्तीला कंपनीची मान्यता लागली तर आठवडे जातात. टोकन द्यायच्या तीन महिने आधी हे उरकून घ्या, टोकन दिल्यावर नाही.

गृहकर्ज_पिंपरी
याला जोडून ओसीआरबद्दल, म्हणजे स्वतःचा हिस्सा भरल्याच्या पावत्यांबद्दल. बँक पहिला हप्ता सोडण्याआधी तुमचा हिस्सा भरल्याच्या पावत्या मागते. पावतीवर प्रकल्पाच्या खात्याचं नाव, फ्लॅट नंबर, युटीआर (बँक व्यवहाराचा क्रमांक) किंवा चेक नंबर हवा, आणि तीच रक्कम तुमच्या बँक उताऱ्यात दिसायला हवी. रोखीने दिलेलं बँकेच्या लेखी दिलेलंच नसतं. मेहुण्याने स्वतःच्या खात्यातून थेट बिल्डरला भरलेलंही आम्ही परत पाठवतो. आधी तुमच्या खात्यात घ्या, मग पुढे द्या.

आणि रेराच्या (स्थावर संपदा कायद्याच्या) कलम 13 प्रमाणे नोंदणीकृत ॲग्रीमेंट होईपर्यंत बिल्डर दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. "पीएफ आला ना, मग वीस टक्के टाका, ॲग्रीमेंट पुढच्या महिन्यात" याला सरळ नाही म्हणा.

सोडत_मदतनीस
ज्यांचे 5.60 लाखही जमत नाहीत त्यांनी खाजगी फ्लॅटपेक्षा म्हाडा, सिडको किंवा महापालिकेच्या आवास योजनेतल्या भागीदारी प्रकल्पांकडे बघावं. तिथे केंद्राचे 1.50 लाख आणि राज्याचा 1 लाख असे 2.50 लाख घराच्या हिशेबातच वळते होतात. ती रक्कम तुमच्या हातात येत नाही, तुमच्या वाट्याची रक्कम कमी होते. माझ्या मते खऱ्या अर्थाने डाउनपेमेंटची मदत म्हणावी ती हीच. सोलापूरच्या रे नगरमध्ये विडी कामगार आणि असंघटित कामगारांसाठी 30,000 घरांचा प्रकल्प याच मार्गाने उभा राहिला. पहिल्या 15,000 घरांच्या किल्ल्या जानेवारी 2024 मध्ये दिल्या गेल्या.

म्हाडाच्या नेहमीच्या सोडतीत मुंबई, पुणे, नागपूर महानगर प्रदेश आणि दहा लाखांवर लोकसंख्येची शहरं यांसाठी अत्यल्प गट सहा लाखांपर्यंत, अल्प गट नऊपर्यंत, मध्यम बारापर्यंत. उर्वरित महाराष्ट्रात अत्यल्प साडेचार, अल्प साडेसात. पती-पत्नीचं उत्पन्न एकत्र धरतात. इथे लोक गोंधळतात: नेहमीच्या सोडतीत त्याच पालिकेच्या हद्दीत घर नसलं की पुरतं, पण आवास योजनेतल्या घरासाठी भारतात कुठेही पक्कं घर चालत नाही. एकाच जाहिरातीत दोन्ही प्रकारची घरं असतात. जाहिरातीतला त्या योजनेचा संकेत क्रमांक बघूनच अर्ज भरा.

2023 पासून कागद सोडतीआधी तपासले जातात. अधिवास दाखला 2018 नंतरचा, बारकोडवाला लागतो. जुना लॅमिनेट केलेला चालत नाही. उत्पन्नासाठी विवरणपत्र किंवा तहसीलदाराचा दाखला, आणि वर्ष जाहिरातीत दिलंय तेच. आर्थिक वर्ष आणि करनिर्धारण वर्ष यांत घोळ करून एक वर्ष मागचं विवरणपत्र चढवणारे दर सोडतीत असतात.

घर लागल्यावर खरी धावपळ. तयार घरांना बहुतेक वेळा 25 टक्के 45 दिवसांत आणि बाकी 75 टक्के पुढच्या 60 दिवसांत भरायचे असतात. तुमच्या देकारपत्रात जे असेल ते खरं. पहिल्या 25 टक्क्यांतच तुमचा हिस्सा जातो. गृहकर्जासाठी म्हाडाची ना-हरकत लागते. ती मागायला 45 दिवस संपायची वाट बघू नका, स्वीकृती कळवली त्याच आठवड्यात अर्ज टाका.

ग्रामसेवक_सातारा
"भारतात कुठेही पक्कं घर नाही" याचं प्रतिज्ञापत्र करण्याआधी गावाकडचा ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घरांच्या कर आकारणीचा उतारा) काढून बघा. सातबारावर जमिनीत नाव असणं वेगळं. आजोबांच्या स्लॅबच्या घराला वारस म्हणून चुलत्यांबरोबर तुमचं नाव लागलेलं असेल तर ते कागदावर तुमचं घर आहे, तुम्ही तिथे कधी राहिला नसलात तरी. हक्कसोड करायचं असेल तर नोंदणीकृत दस्ताने करा आणि नमुना 8 वर नाव कमी झाल्याचा उतारा हातात घेऊनच अर्ज करा. आणि कुटुंबातल्या कुणी गेल्या 20 वर्षांत घरकुल घेतलं असेल तर तेही अपात्रतेत जातं. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं.

बांधकाम_युनियन_नाशिक
गवंडी, रंगारी, सेंट्रिंगवाले, प्लंबर वाचत असतील तर: इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या अटल आवास योजनेत शहरी भागात दोन लाखांचं सहाय्य आहे. नोंदणी जिवंत लागते. मागच्या वर्षात 90 दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र, वय 18 ते 60, आणि दरवर्षी नूतनीकरण. नूतनीकरण चुकलं की अर्ज तिथेच थांबतो. एजंट हजारात पैसे मागतात. नोंदणीची फी एक रुपया आहे.

एडिसन_न्यू_जर्सी
विषय तोच, देश वेगळा, पण इथे मराठी माणसं पुष्कळ आहेत म्हणून लिहिते. न्यू जर्सीची राज्य गृहवित्त संस्था काउंटीप्रमाणे 10,000 किंवा 15,000 डॉलर देते. आईवडिलांकडेही घर नव्हतं अशा पहिल्या पिढीच्या खरेदीदाराला आणखी 7,000. रक्कम क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदी पुरी होण्याच्या टेबलावरच येते. कागदोपत्री ते बिनव्याजी दुसरं कर्ज असतं, हप्ता नाही, पाच वर्षं त्या घरात राहिलात की माफ. पाच वर्षांच्या आत विकलं, रिफायनान्स केलं (जुन्या कर्जाजागी नवं घेतलं) किंवा भाड्याने दिलं तर परत करावं लागतं. व्याजदर उतरल्यावर रिफायनान्सच्या जाहिरातींना भुलून लोक नेमके इथेच फसतात. मुख्य कर्जही त्याच संस्थेच्या यादीतल्या बँकेकडूनच घ्यावं लागतं. एच-1बी (कामाच्या व्हिसा) वाल्यांनी लक्षात घ्या: 25 मे 2025 पासून एफएचए (अमेरिकी सरकारच्या विम्याचं) कर्ज कायम रहिवासी नसलेल्यांना मिळत नाही, त्यामुळे 3.5 टक्के डाउनपेमेंटचा तो रस्ता बंद आहे.

नगररचना_कल्याण
स्वस्त फ्लॅटबद्दल एक. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्यांवर महारेरा नोंदणी मिळवलेल्या 65 इमारती पाडायचे आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिले. म्हणजे रेरा नंबर आहे एवढ्याने भागत नाही. बांधकाम परवानगीचा जावक क्रमांक आणि तारीख घेऊन नगररचना विभागात ताडून पाहा, आणि मंजूर नकाशावरचे मजले मोजा. नकाशात चार आणि जागेवर सात असतील तर वरच्या तीन मजल्यांचे फ्लॅटच जास्त स्वस्त असतात.

धागाकर्ती
काका, अनुदान सुरू झाल्यावर मध्येच कर्ज फेडलं तर?

गृहकर्ज_पिंपरी
प्रत्येक हप्ता सोडताना कर्ज चालू असावं आणि मूळ मुद्दलाच्या 50 टक्क्यांपेक्षा जास्त शिल्लक असावी, ही अट आहे. 8.5 टक्क्यांचं 12 वर्षांचं कर्ज नियमित फेडलं तर पाच वर्षांनी साधारण 70 टक्के मुद्दल उरतं, 20 वर्षांचं असेल तर 88. तिथे धोका नाही. मुदत सात वर्षांची घेतली तर चौथ्या वर्षाअखेर शिल्लक निम्म्यावर येते आणि पुढचा हप्ता गळतो. गावची जमीन विकून किंवा ग्रॅच्युइटी आल्यावर मोठी रक्कम भरणार असाल तर शाखेतून आजची शिल्लक काढा, निम्म्याच्या वर राहील एवढीच भरा आणि बाकीची पाचवा हप्ता जमा झाल्यावर.