बॉटला सदस्य काढून टाकण्याचा अधिकार द्यावा का?

शाईपेन
टेलिग्रामवर मोठे ग्रुप चालवणारे बरेच जण सगळा कारभार बॉटवर, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामवर, सोडून देतात. नवा माणूस आला, पहिल्याच मेसेजमध्ये लिंक दिसली, की स्क्रिप्ट त्याला बॅन करून मोकळी. मला हे मान्य नाही. मेसेज पुसणं, काही काळ म्यूट करणं (म्हणजे लिहिणं बंद करणं) ही कामं बॉटने खुशाल करावीत. कायमचं बाहेर काढायचं असेल तर ते अ‍ॅडमिनने स्वतः, मेसेज वाचून करावं.

म्यूटची मुदत संपते, पुसलेला मेसेज पुन्हा टाकता येतो. बॅन झालेल्याला मात्र लिंक हातात असूनही परत येता येत नाही. शिवाय त्याने आधी कधी बॉटशी बोलणं सुरू केलेलं नसेल, तर बॉट त्याला आपणहून खासगी मेसेज पाठवू शकत नाही. म्हणजे आपल्याला का काढलं हेही त्याला कळत नाही. दाद कुठे मागायची?

रात्रपाळी
पूर्ण असहमत. ग्रुपमध्ये २ लाखांपर्यंत सदस्य असू शकतात. स्पॅमची टोळी घुसते ती अ‍ॅडमिन झोपलेले असताना. म्यूट केलेलं खातं आतच राहतं, सदस्यांची यादी बघतं आणि एकेकाला खासगीत गाठतं. ग्रुपमध्ये शांतता दिसते आणि फसवणूक बाजूला चालूच. अशा वेळी सकाळपर्यंत थांबायचं म्हणजे बाकीच्या सदस्यांना वाऱ्यावर सोडणं. तुम्हाला एका चुकून बाहेर गेलेल्या माणसाची काळजी आहे, मला आत असलेल्या हजारोंची.

शाईपेन
मलाही त्यांची काळजी आहे, म्हणून अडवायचं ते दारातच. प्रवेशासाठी विनंती करावी लागेल अशी लिंक एपीआयमधून, म्हणजे बॉट ज्यातून टेलिग्रामला आज्ञा देतो त्या सोयीतून, बनवता येते. विनंती आली की बॉट त्या व्यक्तीला थेट मेसेज करू शकतो, एखादा प्रश्न विचारू शकतो आणि मग मंजूर किंवा नामंजूर करू शकतो. नामंजूर म्हणजे बॅन नव्हे, तो पुन्हा विनंती करू शकतो. मोठ्या ग्रुपमध्ये सदस्यांची यादी इतरांपासून लपवायचीही सोय आहे.

रात्रपाळी
प्रश्नाचं उत्तर आज कुठलाही प्रोग्राम देतो. अडकतो तो बिचारा खरा नवखा.

गाठनिरगाठ
दोघेही एक गोष्ट विसरताय. तुम्ही करताय तशी वाटणी एपीआयमध्ये नाहीच. सदस्यांवर निर्बंध घालायचा जो अधिकार बॉटला देता, त्यातच म्यूट, बॅन आणि बॅन उठवणं तिन्ही येतं. ‘फक्त म्यूट कर’ असं वेगळं बटण नाही. बॉटफादरकडून (बॉट बनवून देणारा टेलिग्रामचा स्वतःचा बॉट) मिळालेलं टोकन, म्हणजे बॉटची गुप्त किल्ली, ज्याच्या हाती, त्याच्या हाती बॉटचे सगळे अधिकार. त्याच्यापुढे दुसरा पासवर्ड नाही, ओटीपी नाही. कोडमध्ये टोकन तसंच ठेवून तो कोड सार्वजनिक केला, तर कोणीही तुमचा ग्रुप रिकामा करेल. अनोळखी माणसाचा तयार बॉट अ‍ॅडमिन केलात तर ग्रुपमधला प्रत्येक मेसेज त्याच्या सर्व्हरवर जातो, हे आणखी वेगळं.

बारकावेही ध्यानात घ्या. म्यूटची मुदत ३६६ दिवसांपेक्षा जास्त किंवा ३० सेकंदांपेक्षा कमी दिली, तर ती कायमची धरली जाते. आणि बॅन उठवण्याची आज्ञा ‘फक्त बॅन असेल तरच’ ही अट न घालता पाठवली, तर आत असलेला सदस्यच बाहेर फेकला जातो! असं हत्यार आहे हे, आणि तुम्ही कोणी चालवायचं यावर भांडताय.

शाईपेन
तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. अधिकार वेगळा करता येत नाही, म्हणून संयम कोडमध्येच हवा. बॉटच्या कोडमध्ये बॅनची आज्ञा लिहायचीच नाही. दुसऱ्याला अ‍ॅडमिन करण्याचा, ग्रुपची माहिती बदलण्याचा अधिकार त्याला द्यायचा नाही. टोकन फुटल्याची शंका आली की त्याच क्षणी बॉटफादरकडे ते रद्द करून नवं घ्यायचं.

निळीपाटी
माणूस न्याय करतो हे गृहीतक मला पटत नाही. जुना राग काढणारे अ‍ॅडमिन मी पाहिलेत. आपल्या ओळखीच्याने लिंक टाकली तर डोळेझाक, परक्याने टाकली तर हकालपट्टी. कोडचा नियम सगळ्यांना सारखा, आणि तो पिन करून जाहीर लावता येतो.

फक्त नोंद हवी. टेलिग्रामची अ‍ॅडमिन-नोंद ४८ तासांपुरतीच दिसते. म्हणून बॉटने प्रत्येक कारवाई वेगळ्या ग्रुपमध्ये लिहावी: कोणावर, कोणत्या नियमाने, मूळ मेसेज काय होता. एका ग्रुपमध्ये बॉटला मिनिटाला २० मेसेजची मर्यादा आहे. हल्ल्याच्या वेळी ती ओलांडली की ‘४२९’ ही चूक (फार विनंत्या झाल्या, थांबा) येऊ लागते, तेव्हा नोंदी एकत्र करून पाठवा. अशी नोंद ठेवणारा बॉट मला लहरी अ‍ॅडमिनपेक्षा शंभरदा चालेल.

शाईपेन
लहरी अ‍ॅडमिनला जाब विचारता येतो, त्याचं अ‍ॅडमिनपद काढता येतं. पण नोंदीचं शंभर टक्के मान्य. माणसाने केलेल्या बॅनचीही तशीच नोंद हवी.

रात्रपाळी
मग मधला मार्ग सांगतो. बॉटने आधी म्यूट करावं, नोंद टाकावी, आणि २४ तासांत कोणत्याही अ‍ॅडमिनने हात घातला नाही तर बॅन करावं.

शाईपेन
नाही. अ‍ॅडमिनला नोंद वाचायला वेळ मिळाला नाही, याची शिक्षा सदस्याला का? २४ तासांनी म्यूट वाढवा, बॅन नको.

रात्रपाळी
आणि तोवर त्याने खासगीत गाठलेल्यांना उत्तर तुम्ही देणार का?