चादर अंथरायची का पांघरायची?

टिळकचौककर:
लेक पुण्यात होस्टेलला आहे. तिच्या रूममेटनं फोनवर सांगितलं, काका येताना माझ्यासाठी पण एक चादर आणा. मी आपली सोलापुरी, जाड, मोराच्या नक्षीची, उलटी-सुलटी कशीबी वापरता येते तसली नेली, तर पोरगी म्हणते मला गादीवर घालायला हवी होती. अहो ते बेडशीट! चादर म्हणजे पांघरायची, 2005 ला जीआय, म्हणजे मूळ गावाच्या नावाचं सरकारी मानांकन, मिळालं ते ह्याच चादरीला. आणि आता आपलेच दुकानदार लेबलवर नुसतं 'ब्लँकेट' लिहायलेत, हे बंद झालं पाहिजे.

चाटीगल्ली_दुकान:
नाही पटत. एक दिवस काउंटरला उभं राहून बघा. बाहेरगावचं गिऱ्हाईक 'डबल बेडची चादर, दोन उशीच्या अभ्र्यांसकट' असंच मागतं. शब्द मूळचा फारसी, इराणात चादर म्हणजे बायका डोक्यापासून पायापर्यंत घेतात ते वस्त्र, तंबूलाही चादरच म्हणतात, हिंदीत तर पत्र्याचीसुद्धा चादर असते, मग आपलाच अर्थ खरा कसा?

टिळकचौककर:
तुमच्याच उदाहरणात बघा की ओ. वस्त्र अंगावरून, तंबू डोक्यावर, दर्ग्यात चढवतात ती पण मजारीवर. खाली अंथरलीय कुठं? हिंदीतली म्हण घ्या, जितनी चादर उतने पैर, म्हणजे पाय झाकतील एवढी. आपण तिथं अंथरूण म्हणतो.

अक्कलकोटकर:
कन्नडमध्ये पण अंथरूणच, 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु'. ह्या म्हणीत मराठी-कन्नड एका बाजूला आणि हिंदी दुसऱ्या.

पूर्वभाग_पद्मशाली:
टिळकचौककर, सोलापूरचा अर्थ एकच असं म्हणू नका. आमच्या आजोबांचं आयुष्य मागावर गेलं, कारखान्यात ते चादर म्हणायचे आणि घरी आल्यावर तेलुगूत तीच दुप्पटी. मराठीत दुपटं म्हणलं की तान्ह्या बाळाचं, हिंदीत दुपट्टा म्हणजे ओढणी. आजी थंडीत 'दुप्पटी कप्पुको' म्हणायची, पांघरून घे, तेव्हा अंगावर हीच जाड चादर यायची. चादर विणणाऱ्या घरातच तिला दुसरं नाव आहे, मग ब्लँकेट म्हणल्यानं चादर कमी होते का?

टिळकचौककर:
दुप्पटी तुमच्या आजीच्या तोंडातली आहे हो, तिला कोण नको म्हणेल. ब्लँकेट कुणाच्या घरातलं आहे?

चाटीगल्ली_दुकान:
गिऱ्हाइकाच्या! ऑनलाइन शोधणारा तेच टाईप करतो. मी पुसणार नाही.

टिळकचौककर:
पुसू नका. वर मोठ्या अक्षरात 'सोलापुरी चादर, पांघरायची' लिहा आणि ब्लँकेट खाली बारीक.

चाटीगल्ली_दुकान:
पुढच्या लॉटला लेबलं छापायची आहेतच, बघतो.