मदत हवी आहे: वॉकी-टॉकीवर भावाला माझं ऐकू येतं, मला त्याचं नाही

रानवाट:

नमस्कार. गेल्या महिन्यात मी आणि धाकट्या भावाने वॉकी-टॉकीची जोडी घेतली. ४४६ मेगाहर्ट्झचे, अर्ध्या वॉटचे, १६ चॅनेलवाले विनापरवाना सेट. आमचा दहा-बारा जणांचा गट डोंगरात फिरतो. भाऊ पुढे वाट बघत जातो, मी सगळ्यांच्या शेवटी असते. मोबाइल तिथे लागत नाही. मागे एकाचा पाय मुरगळला तेव्हा पुढच्यांना थांबवायला एक जण धापा टाकत चढावर पळाला होता. तेव्हाच ठरवलं की सेट घ्यायचे.

आता अडचणी सांगते.

पहिली: माझं बोलणं भावाला स्वच्छ ऐकू जातं, पण त्याचं मला येत नाही. चॅनेल दोघांचा एकच, चौथा. आवाज पूर्ण वाढवलेला. तो बोलतो तेव्हा माझ्या सेटवरचा हिरवा दिवा लागतो, पण आवाज नाही. स्पीकर गेला असेल का?

दुसरी: खोक्यावर रेंज कितीतरी किलोमीटर लिहिली आहे. आम्हाला झाडीत एक किलोमीटरही मिळाली नाही. गटातला एक मित्र म्हणतो, पाच वॉटचे सेट घ्या. घ्यावेत का?

आणि तिसरी गोष्ट म्हणजे, भावाला यात फार गोडी लागली आहे. त्याला पुढे हॅम रेडिओ, म्हणजे परवाना घेऊन हौसेने चालवायचा रेडिओ, शिकायचा आहे. सुरुवात कुठून करावी? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगा.

खरखर:

सेट परत करायला नेऊ नका, स्पीकर चांगला आहे. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे: दिवा लागतो. म्हणजे भावाचा सिग्नल तुमच्या सेटपर्यंत पोचतोय, सेटच तो तुम्हाला ऐकवत नाहीये.

पडद्यावर चॅनेलच्या मोठ्या ४ शेजारी एखादा बारीक आकडा दिसतो का बघा. तो कोड असतो. तुमच्या सेटवर कोड लागलाय आणि भावाच्या सेटवर शून्य आहे, असं मला वाटतं. कोड लागला की तुमचा सेट बोलताना आवाजाखाली एक मंद सूर सोडतो, ६७ ते २५४ हर्ट्झच्या दरम्यानचा. तो ऐकणाऱ्याला जाणवत नाही. आणि ऐकताना तोच सूर समोरून आला तरच स्पीकर उघडतो. भावाच्या सेटवर कोड नाही, म्हणून तो सगळ्यांचं ऐकतो, तुमचंही. तुमचा सेट सुराची वाट बघत गप्प बसतो.

खात्री करायची असेल तर भाऊ बोलत असताना मॉनिटरचं, म्हणजे कोड न बघता सगळं ऐकवणारं, बटण दाबून धरा. त्याचा आवाज लगेच येईल.

रानवाट:

खरंच तसंच निघालं! ४ च्या उजवीकडे कोपऱ्यात तांदळाएवढा ७ होता. महिनाभर रोज बघत होते, मला वाटलं बॅटरीचं काही असेल. शून्य केला आणि भावाचा आवाज आला. मनापासून आभार.

पण मग भावाच्या सेटवरही ७ करून ठेवू का? माहितीपत्रकात लिहिलंय की कोडमुळे बोलणं खाजगी राहतं.

खरखर:

नका करू. ते लिहिणं दिशाभूल करणारं आहे. कोडमुळे तुमचं बोलणं कुणापासूनही लपत नाही. ज्याचा कोड शून्य आहे तो सगळं ऐकतो, जसा तुमचा भाऊ ऐकत होता. कोडने फक्त तुमचे कान झाकले जातात. त्याच चॅनेलवर दुसरं कुणी बोलत असलं तरी तुम्हाला कळत नाही, आणि तुम्ही त्यांच्या बोलण्यावर बोलता. डोंगरात तर मी हे मुळीच करणार नाही. अनोळखी गटातला कुणी अडचणीत सापडून त्याच चॅनेलवर हाक मारत असेल, तर ती ऐकू यायला हवी. फारच गर्दी असेल तर चॅनेल बदला.

लघुलहरी:

रेंजबद्दल मी लिहितो, कारण इथेच नवे लोक पैसे वाया घालवतात.

या फ्रिक्वेन्सीच्या लहरी जवळजवळ नजरेसारख्या सरळ जातात. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून त्याला साधारण ४.१ ने गुणा, तेवढे किलोमीटर तुमचं रेडिओ-क्षितिज, म्हणजे लहर सरळ पोचते ती हद्द. दीड मीटरवर धरलेल्या सेटचं क्षितिज पाच किलोमीटर. दोघांचं मिळून दहा, तेही कागदावर, मध्ये काहीच नसेल तेव्हा. शंभर मीटर उंच सुळक्यावरून एकट्याचं ४१. खोक्यावरचा आकडा अशाच मोकळ्या जागेचा असतो. मध्ये डोंगराची एक सोंड आली की अंतर कितीही कमी असो, संपलं. ओल्या झाडीतही सिग्नल जिरतो.

आता पाच वॉटचं बघा. शक्ती दहापट, पण ऐकणाऱ्याच्या सिग्नल-मीटरवर काटा दोन घरंही पुढे सरकत नाही. मोकळ्यावर दुप्पट अंतर गाठायला चौपट शक्ती लागते, आणि डोंगराआड तर दहापट शक्तीही फारशी कामी येत नाही. त्यापेक्षा वीस पावलं वर चढा.

सेट कसा धरता तेही तपासा. पट्ट्याला कमरेशी लावलेला सेट एका बाजूला तुमच्या शरीरानेच झाकला जातो. काढून चेहऱ्यासमोर धरा, अँटेना उभी ठेवा. दोघांच्या अँटेना उभ्या हव्यात. एकाची उभी, एकाची आडवी असली की बराच सिग्नल वाया जातो. ४४६ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ६७ सेंटिमीटरची असते, तिचा पाव भाग १७ सेंटिमीटर. तुमच्या सेटची शेंडी त्याहून आखूड असणार, म्हणून हे जपावं लागतं.

जुना श्रोता:

पाच वॉटच्या सेटबद्दल एक इशारा. बाजारात मिळणारे बरेचसे असे सेट हव्या त्या फ्रिक्वेन्सीवर लावता येतात. लागतात म्हणून चालतात असं नाही. विनापरवाना सवलत ठरावीक फ्रिक्वेन्सी, ठरावीक शक्ती आणि मान्यताप्राप्त सेटपुरतीच असते. ती देशागणिक बदलते. युरोपात ४४६ चे अर्ध्या वॉटचे सेट चालतात, पण अमेरिकेत तीच फ्रिक्वेन्सी हॅमच्या पट्ट्यात येते आणि तिथले घरगुती सेट ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर असतात. प्रवासात सेट नेणार असाल तर तिथला नियम आधी वाचा. आणि कुठेही असा, नकळत एखाद्या बचाव पथकाच्या वाहिनीवर बटण दाबलं गेलं तर कुणाच्या जिवावर बेतू शकतं.

भावासाठी: आधी ऐकायला शिकू दे. हॅमसाठी परीक्षा देऊन परवाना आणि स्वतःचं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव, घ्यावं लागतं. मोर्सची (टिंब-रेघांच्या संकेतलिपीची) सक्ती २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत देशांच्या मर्जीवर सोडली गेली आणि बहुतेक ठिकाणी ती उठली. तुमच्याकडे काय आहे ते परवाना देणाऱ्या कार्यालयात विचारा. परीक्षा होईपर्यंत ऐकण्याचा साधा रिसीव्हर पुरेसा आहे. मात्र ऐकण्याचेही नियम असतात, तेही बघून घ्या.

माझी स्वतःची सुरुवात सांगतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचा हॅम रेडिओ बोलण्यासाठी १४५.८०० मेगाहर्ट्झवर उतरतो. हातातल्या सेटवर मी तो लावून मोकळ्या जागी उभा होतो. आधी नुसती खरखर. मग खरखर पातळ होत गेली आणि एक माणूस बोलू लागला. कुठल्यातरी शाळेतल्या मुलांच्या प्रश्नांना अंतराळवीर उत्तरं देत होता. मुलांचे प्रश्न मला ऐकू येत नव्हते, ती दूर जमिनीवरून वर बोलत होती. मला फक्त उत्तरं मिळत होती, मधे मधे शांतता, पुन्हा उत्तर. मी अँटेना हळूहळू कलती करत राहिलो. दहा मिनिटांच्या आत आवाज क्षितिजाखाली गेला. चारशे किलोमीटर उंचीवरचा थोड्याशा वॉटचा तो सिग्नल, पण मध्ये काही नव्हतं. लघुलहरींनी वर सांगितलं ते मला त्या दिवशी अंगात भिनलं.

लघुलहरी:

बोलण्याची पद्धतही पहिल्यापासून नीट लावून घ्या. बटण दाबून एक क्षण थांबा, मग बोला. नाहीतर पहिलाच शब्द कापला जातो, आणि "थांबू नका" मधला "थांबू" गेला तर काय ऐकू जाईल विचार करा. आधी ज्याला हाक मारायची त्याचं नाव, मग आपलं. सेट तोंडापासून चार बोटं लांब ठेवा. ओरडलं की आवाज फाटतो. दोघांनी एकदम बटण दाबलं तर कुणालाच काही ऐकू येत नाही, बोलताना सेट ऐकत नसतो. म्हणून शेवटी "ओव्हर". आणि महत्त्वाचा निरोप समोरच्याने स्वतःच्या शब्दांत परत सांगायचा, नुसतं "हो" नको.

रानवाट:

सगळ्यांचे आभार. पाच वॉटचा विचार सोडला.

आज दोघांनी करून पाहिलं. मी खिंडीच्या तळाशी, भाऊ पलीकडे. सेट कमरेला असताना तुटक शब्द येत होते. हातात घेऊन उभा धरला तर वाक्यं कळू लागली. मग मी लघुलहरींनी सांगितल्याप्रमाणे चढत गेले, पावलं मोजत. विसाव्याला काहीच फरक नाही. चौतिसाव्या पावलावर सोंडेचा माथा लागला आणि भाऊ अगदी कानाशी बोलल्यासारखा आला, "ताई, ताई, मी बोलतोय, तू वर आलीस का? ओव्हर."

आता गटाच्या वाटेच्या नकाशावर अशा जागा खुणा करून ठेवतोय, जिथे थांबून बोलायचं. एक शंका उरली: शेवटच्याने किती वेळाने हाक द्यावी असा काही पाळलेला नेम आहे का, की जागेवर पोचलं की बोलायचं?

खरखर:

दोन्ही. खुणेच्या जागी पोचलं की बोला, आणि जागा लांब असतील तर ठरावीक वेळीही, म्हणजे दर अर्ध्या तासाला. त्या वेळी दोघांनी जिथे असाल तिथे थांबून पाच मिनिटं सेट हातात धरायचा. आणि दोन वेळा लागोपाठ हाक आली नाही तर काय करायचं, ते निघण्यापूर्वी ठरवून ठेवा. आमच्या गटात पुढचा माणूस तिथूनच मागे वळतो.