ग्रिफिंडॉरची तलवार गॉब्लिनांचीच होती, घाला शिव्या

रातकिडा:
हॅरी पॉटरचं सातवं पुस्तक परत वाचलं. पहिल्यांदा वाचलेलं तेव्हा ग्रिपहूक नावाचा गॉब्लिन (जादूच्या दुनियेतली बुटक्या कारागिरांची जमात) ग्रिंगॉट्स बँकेच्या तिजोरीतून ग्रिफिंडॉर या जुन्या जादूगाराची तलवार घेऊन पळाला म्हणून त्याला मनातल्या मनात कचकचीत शिव्या दिलेल्या, या वेळी राग आला तो हॅरीचा. हॅरीच्या मित्राचा भाऊ बिल सांगतो ना त्याच्या घरी, शेल कॉटेजमध्ये, की गॉब्लिनांच्या हिशोबाने वस्तू बनवणाऱ्याची, पैसे देणारा नुसता भाडेकरू, तो मेला की परत करायची. आणि तिजोरीत घुसायला मदत कर, तलवार देतो असं हॅरी ग्रिपहूकला म्हणाला पण नक्की कधी ते मुद्दाम बोललाच नाही. सरळ नरो वा कुंजरो वा! मग ग्रिपहूकने आधीच उचलली तर दगाबाज तो कसा?

पाटलीबाई:
काहीही हं. माझ्या आजीच्या पाटल्या आईकडे आल्या, उद्या माझ्याकडे येतील. सोनार दारात येऊन म्हणाला की आजी गेल्या आता पाटल्या द्या, तर मी त्याला चहा पण विचारणार नाही. घडणावळ घेतलीस ना बाबा, मिटला विषय. आपल्याकडे भांड्यावर नाव पण घेणाऱ्याचं घालतात, तांबटाचं नाही.

रातकिडा:
अगं पण तुझा सोनार आणि तू एकाच कायद्याखाली राहता. गॉब्लिनांना जादूची छडी बाळगायलाच बंदी आहे, ती घातली जादूगारांनी, आणि वर छडीची विद्या पण शिकवत नाहीत. एकाच्या हातात छडी आणि दुसऱ्याच्या हातात हातोडा, असा सौदा झाला तर 'विकत घेतली' चा अर्थ कोण ठरवणार?

पाटलीबाई:
छडीचा अन्याय मान्य. पण म्हणून बिलच्या म्युरिएल आत्याचा मुकुट पण परत द्यायचा का, तो पण गॉब्लिनांनीच घडवलेला. मग लग्नात नवरी घालणार काय?

अर्धा_वकील:
मधेच तोंड घालतो. गॉब्लिनांची आयडिया वाटते तेवढी येडी नाहीये. आपल्याच 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 53अ आहे, चित्रकाराचं मूळ चित्र पुढे दहा हजारांच्या वर विकलं गेलं तर त्याला त्यात वाटा मिळू शकतो, जास्तीत जास्त 10 टक्के. फ्रान्समध्ये तर असला हक्क 1920 पासून आहे. म्हणजे विकल्यावर घडवणाऱ्याचा संबंध संपला असं माणसं पण मानत नाहीत. फक्त वाटा पैशात मिळतो, चित्र परत मिळत नाही, तिथे ग्रिपहूकची केस कोसळते.

खवट_काका:
वकीलसाहेब, केस मुळातच खोटी आहे. लेखिकेने नंतर पुस्तकाबाहेर स्वतः लिहिलंय की गॉब्लिनांचा राजा रॅग्नकने तलवार ग्रिफिंडॉरच्या ऑर्डरप्रमाणे बनवली आणि मग ती राजालाच एवढी आवडली की ग्रिफिंडॉरने चोरली अशी बोंब ठोकली. ऑर्डर दिली, माल घेतला, संपलं. बाकी सगळा गॉब्लिनांचा कांगावा.

रातकिडा:
काका, पुस्तकाबाहेरचं मी धरत नाही. पुस्तकात हॅरीची मैत्रीण हर्मायनीला चोरीची नोंद कुठे वाचल्याचं आठवत नाही हे खरंय, पण तीच म्हणते की जादूगारांनी दुसऱ्या जमातींचं जे केलं ते त्यांच्या इतिहासात बरेचदा गाळलेलं असतं. इतिहास लिहिणारे जादूगार, मग चोरीची नोंद सापडेल तरी कशी.

खवट_काका:
म्हणजे पुरावा नाही हाच पुरावा! वा. बरं ते सोड, शेवटी तलवार शाळेच्या जादूच्या टोपीतून हॅरीचा वर्गमित्र नेव्हिलच्याच हातात आली ना, तिने स्वतः ठरवलं कोणाकडे जायचं ते.

पाटलीबाई:
+1 काका 😄

रातकिडा:
तिने नाही ठरवलं, टोपीने खेचून घेतली. आणि टोपी कोणाची? ग्रिफिंडॉरची. आता बोला.