युद्धात सगळं गमावून पुन्हा उभ्या राहिलेल्या बायकांचं कौतुक करू नये?

नौपाडेकर
आमच्या नौपाड्याच्या वाचनकट्ट्यावर परवा रवांडाचा विषय निघाला. १९९४ साली तिथे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. मागे राहिलेल्यांत बायका जास्त, आणि त्यांतल्या कित्येकींवर बलात्कार झालेले. तरी त्यांनी शेती धरली, दुसऱ्यांची अनाथ पोरं आपल्यात वाढवली. रूढीप्रमाणे मुलीला बापाची जमीन मिळत नसे, १९९९ च्या कायद्याने तिला वाटा मिळाला. २००८ मध्ये संसदेत बायका पुरुषांपेक्षा जास्त झाल्या, जगात पहिल्यांदाच. मी म्हटलं, यांच्यापुढे हात जोडावेसे वाटतात. तर एक काका म्हणाले, "कौतुक करून आपण मोकळे होतो." मला ते लागलं. तुमचं मत काय?

कोपरीवाला
काकांशी मी सहमत. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानी सैनिकांनी ज्यांच्यावर अत्याचार केले, त्या बायकांना बांगलादेशच्या नव्या सरकारने 'वीरांगना' म्हणून गौरवलं. गौरव लगेच झाला. पण अनेकींना घरच्यांनीच दारात उभं केलं नाही, आणि त्यांना मुक्तियोद्ध्यांचा दर्जा मिळायला २०१५ साल उजाडलं. तोवर किती जणी गेल्या असतील! शाल-श्रीफळ द्यायला काही लागत नाही, म्हणून ते आधी मिळतं.

नौपाडेकर
ही चूक सरकारची आणि घरच्यांची. कौतुकावर कशाला खापर फोडता?

उल्हासनगरची सून
लांब कशाला, आपल्या ठाणे जिल्ह्यातच बघा. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लाखभर लोकांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवलं, तेच आजचं उल्हासनगर. ते युद्ध नव्हतं, पण घरदार सुटायचं ते सुटलंच. माझ्या आजेसासूबाई तिथल्या बराकीत राहिल्या. एका बराकीत अनेक कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे पडदे. पहाटे उठून पापड लाटायचे, खाटेवर वाळत घालायचे आणि आदल्या दिवशीचे घेऊन दारोदार विकायला जायचं. घरात सगळे अभिमानाने सांगतात, "अम्मा वाघीण होती."

त्यांची धाकटी जाऊ मात्र सावरलीच नाही. दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून बसायची, पुढे बोलणंही बंद झालं. तिचं नाव घरात कुणी काढत नाही. दोघी एकाच गाडीतून आल्या, एकाच पडद्याआड राहिल्या. वाघिणीची गोष्ट सांगताना आपण नकळत असंच म्हणतो ना, की दुसरी कमी पडली? मला याचा फार त्रास होतो.

ऐरोलीकर
ताई, वाचून गलबलून आलं. तरी मी कौतुकाच्याच बाजूने. श्रीलंकेत मे २००९ मध्ये युद्ध संपलं तेव्हा उत्तरेकडच्या जमिनीत सुरुंगच सुरुंग होते. मुहमालैच्या पट्ट्यात ते काढायच्या कामाला अनेक तमिळ बायका लागल्या, घरात कमावणारं दुसरं कुणी न उरलेल्याही त्यांत होत्या. तोंडापुढे जाड पारदर्शक कवच, अंगात जड जाकीट, भर उन्हात जमिनीलगत बसून माती हलक्या हाताने ओढायची. जरा घाई झाली तर हात जाईल, नाहीतर जीव. असा एकेक तुकडा मोकळा केला, तेव्हा कुठे लोकांना परत येऊन घर बांधता आलं, पेरता आलं. याला सोशिकपणा म्हणू नका, हे कसब आहे. सर्जनबद्दल बोलताना "बिचाऱ्याला पर्याय नव्हता" असं आपण म्हणत नाही. या बायकांबद्दलच का म्हणायचं?

कोपरीवाला
कसबाचं कौतुक मान्य. पण तिथलंच पुढचं सांगतो. त्याच भागात बायकांच्या दारात मायक्रोफायनान्सची कर्जं आली. बाई कष्टाळू, हप्ता बुडवणार नाही, हा भरवसा! एक फेडायला दुसरं कर्ज, आणि वसुलीवाले उंबऱ्यात. शेवटी २०१८ मध्ये दुष्काळी जिल्ह्यांतल्या बायकांची एक लाख रुपयांपर्यंतची कर्जं सरकारला माफ करावी लागली. बाई खंबीर आहे म्हटलं की तिच्यावर अजून थोडं लादायला सगळे मोकळे.

नौपाडेकर
मग बोस्नियातल्या स्रेब्रेनित्साच्या आया बघा. जुलै १९९५ मध्ये तिथे आठ हजारांवर पुरुष आणि मुलगे मारले गेले. सापडलेल्या हाडांची ओळख पटावी म्हणून या आयांनी रक्ताचे नमुने दिले. डच शांतिसैनिकांनी संरक्षण दिलं नाही म्हणून थेट नेदरलँड्सला कोर्टात खेचलं. २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने डच तळावरून बाहेर काढलेल्या सुमारे साडेतीनशे पुरुषांबाबत देशाची जबाबदारी मान्य केली, तीही दहा टक्केच. तरी त्या भांडत राहिल्या. याचं कौतुक वाटणं मी सोडणार नाही.

कोपरीवाला
त्यांच्या भांडणाला माझाही सलाम. पण दहा टक्क्यांसाठी म्हाताऱ्या आयांना इतकी वर्षं कोर्टाचे उंबरे झिजवावे लागले, त्याचा संताप तुमच्या लिहिण्यात मला दिसत नाही.

उल्हासनगरची सून
नौपाडेकर, कट्टा बाहेरच्यांना चालतो का? आजेसासूबाईंच्या जावेबद्दल बोलायला आवडेल मला. तिचं नावही आधी घरात विचारून ठेवते.