नववीच्या पोरांचं काय?

शाळेतल्या मारावर महाराष्ट्राने स्वतःचा कायदा करावा, या मागणीवर एकांनी विचारलंय, "केंद्राचा कायदा असताना राज्याचा वेगळा कशाला?" शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारावर आणि मानसिक छळावर बंदी आहे, खरंय. पण तो कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. नववी-दहावीतली पोरं त्यातून निसटतात, आणि आमच्या वेळी खरा मार तिथेच बसायचा! गोव्याने २००३ च्या बाल कायद्यात सगळ्याच शाळांमध्ये छडी बंद केली. आपल्याला काय अडचण आहे?

मी नाशिकच्या पंचवटीतला. डिसेंबरात सकाळी सातचा वर्ग, बोटं गारठलेली, आणि सर लाकडी पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर मारायचे. दिवसभर पेन धरवत नसे. घरी सांगावं तर वडील म्हणत, "अजून दोन द्या म्हणावं."

निदान संध्याकाळी घर तरी होतं. आमच्याच जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडच्या आश्रमशाळांतली पोरं तिथेच राहतात, मारणारा आणि जेवायला वाढणारा एकच. नवा कायदा करताना तक्रार शाळेबाहेर घेण्याची सोय हवी. मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेरची ती कुलूपबंद तक्रारपेटी नको. आमच्या शाळेतल्या पेटीची किल्ली त्याच सरांकडे असायची.