मदत हवी आहे: प्रकाशलहरीत ई आणि बी एकदमच शून्य होतात, मग एनर्जी जाते कुठे?

नमस्कार मंडळी,

इलेक्ट्रोमॅग्नेटिक वेव्हची ती नेहमीची आकृती, विद्युत क्षेत्र (ई) उभं, चुंबकीय क्षेत्र (बी) आडवं, आणि दोन्ही एकदमच वर जातात नि एकदमच शून्यावर येतात. तिथेच अडलोय. सगळीकडे असंच सांगतात की बदलत्या ई मुळे बी तयार होतं, बदलत्या बी मुळे परत ई, आणि अशी लहर पुढे जात राहते. हे वाचलं की मला कॉइल आणि कपॅसिटरचं सर्किट आठवतं, तिथे एकातली एनर्जी कमी झाली की दुसऱ्यातली वाढते आणि बेरीज कायम. मग इथेही एक शून्य असताना दुसरं मॅक्सिमम नको का? दोन्ही शून्य झाली तर त्या जागची एनर्जी गेली कुठे, आणि शून्यातून पुढची लाट उभी राहते कशी? सूर्यापासून पृथ्वीपर्यंत साधारण 8 मिनिटं 20 सेकंद प्रकाश रिकाम्या जागेतून येतो, म्हणजे वाटेत कुठून उसनी मिळायचीही सोय नाही.

डेरिव्हेटिव्ह येतात, पण कर्ल (क्षेत्र एखाद्या बिंदूभोवती किती फिरतं याचं गणित) वगैरे आलं तर जरा हळू घ्या प्लीज.

प्रतिसाद:
बेरीज कायम राहते ती अख्ख्या लहरीची, एका बिंदूची नाही. तिथली एनर्जी पुढे सरकली म्हणून तिथे शून्य, त्याच क्षणी पाव तरंगलांबी पुढे बघा, तिथे मॅक्सिमम आहे. एनर्जी किती आणि कुठे वाहते हे ई आणि बी च्या गुणाकारावर ठरतं. दोन्ही एका फेजमध्ये असली, म्हणजे एकदमच वर-खाली होत असली, की दोघांची चिन्हं एकदमच बदलतात, त्यामुळे प्रवाह कधी उलटा होत नाही. तुम्ही म्हणता तसा, एक शून्य तेव्हा दुसरं मॅक्सिमम, म्हणजे 90 अंशांचा फरक असता तर एनर्जी नुसती पुढे-मागे झाली असती, सरासरी शून्य, आणि सूर्याचं ऊन इथे पोचलंच नसतं.

आता शून्यातून लाट कशी उठते. मॅक्सवेलच्या समीकरणांत (विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचे मूळ नियम) ई चा अंतरानुसार उतार जितका जास्त तितक्या वेगाने तिथलं बी वेळेनुसार बदलतं. साइन कर्व्ह शून्य ओलांडतो तिथेच तो सगळ्यात तीव्र असतो ना! किंमत शून्य, पण बदल सर्वात वेगाचा.

मूळ प्रश्नकर्ता:
उताराचं एकदम पटलं, खूप आभार. मग समोरासमोरच्या दोन आरशांमध्ये लहर अडकवली तर?

प्रतिसाद:
ती स्टँडिंग वेव्ह, म्हणजे पुढे न सरकता जागच्या जागी हलणारी लहर. तिथे ई आणि बी मध्ये खरंच 90 अंशांचा फरक असतो, तुमचं सर्किट तिथे बरोब्बर लागू पडतं.